चाळीसच्या आत

कारखाना तुम्ही बुडवला, चेअरमनसाहेब, आणि पावती फाडली दुष्काळाच्या नावानं. ऊस नव्हता म्हणता? ऊस होता तेव्हाही तुमचे बॉयलर थंडच होते. तुमच्या कुलपानं तीनशे माणसं पांगली. एकटा वर्कशॉपचा मिस्त्री सिदू मागं राहिला. त्यानं बंद गेटासमोरच पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि धुळीकडं बघत बसला.

त्याच गेटासमोर, भर मे महिन्यात, महादेवीची डिझेल अँबेसिडर वाफ ओकत थांबली.

सासर सोडून माहेरी आलेली महादेवी. वडील गेलेले. किराणा दुकान भावाचं, घर भावजयीचं. तिचं म्हणावं असं काय? वडलांनी शिकवलेलं ड्रायव्हिंग आणि ही गाडी. माजलगावच्या बायांना अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं, आणायचं. तेवढाच उंबऱ्याबाहेरचा श्वास.

"रेडिएटरला पाणी कंचं घातलं, ताई?"

"बोअरचं. गोडं पाणी माणसाला पुरंना, गाडीला कुठलं?"

"खाऱ्या पाण्यानं जाळी बुजली. एंजिन भाजून निघालंय." बॉनेटमधून वर न बघता तो म्हणाला, "भंगारात घाला."

"तुमाला घातलं का कुणी भंगारात, मिस्त्री?"

सिदूनं मान वर केली. हसला नाही... पण हातातला पाना खाली ठेवला.

"ऐका. एंजिनाचा ब्लॉक आधीच दोनदा आतून घासलाय. तिसऱ्यांदा घासला तर सिलिंडरची भिंत कागदावानी व्हईल. नवे पिस्टन, क्रँक, पंप... गाडीच्या किमतीवर खर्च जाईल. एवढं करून एकदा जरी तापलं, तर संपलं. जुनं एंजिन उघडलं की परत नीट बसंलच, असं न्हाई."

"उघडा."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्याला दिसलं.

एकवीस दिवसांनी एंजिन धडधडलं. पण अट आली, "पहिले हजार किलोमीटर स्पीड चाळीसच्या वर न्हाई. पेशंट न्हाई. अन् मी शेजारी बसून आवाज ऐकणार."

गाडीचा मीटर कधीचाच बंद. किलोमीटरचे दगड मोजायचं काम सिदूचं.

मग रोज सकाळी तलवाड्याचा रस्ता. दोन्ही अंगाला उघडी रानं, चारा छावणी, वाळक्या बाभळी. मोपेडवालेसुद्धा पुढं निघून जायचे.

"मिस्त्री, मागून बैलगाडी हॉर्न देतीय!"

"देऊ द्या. तिचं काय घासलंय?"

ती खळखळून हसली, आणि आपणच दचकली. किती दिवसांनी हसतोय आपण! तो पाण्याची बाटली पुढं करायचा, ती वरून धार धरून प्यायची. एक दिवस तोंड लावून प्याली. त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यातलं 'ताई' गळालं. दोघांनाही कळलं. दोघंही समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले...

आणि मग एका सकाळी, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "परवा जातोय. कोल्हापूरकडच्या कारखान्यात बोलावलंय."

तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला.

"किती झाले किलोमीटर?"

"नऊशे... चाळीस."

"खोटं." तिनं गाडी कडेला घेतली. "दगड मला बी मोजता येतात. अठराशे झाले. बोलावणं कवा आलतं?"

"महिना झाला."

"मग कावून थांबलास?"

"आवाज ऐकत व्हतो."

"एंजिनाचा?"

तो हाताचं काळं ग्रीस नखानं खरवडत बसला.

तिनं चावी फिरवली. धडधड थांबली. रानात एक पाखरूसुद्धा नव्हतं.

"आता एंजिन बंद हाय. ऐकायला काई न्हाई. भावाच्या घराला न्हाई म्हणायला मी भीत न्हाई, अन् लोकांच्या तोंडाला तर मुळीच न्हाई. तुझ्या कोल्हापुरात बी बाया दवाखान्यात जात असतील की! पण मी आपणहून मागं मागं येणार न्हाई. तू बोलवायचं. समोर काय बघतो? माझ्याकडं बघ. मी यावं का न्हाई? बोल, सिदू!"