तुळसाचा पुकारा

रत्नागिरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तुळसा सकाळपासून बसून होती. मांडीवर चार वर्षांची लेक ज्ञानू झोपली होती. घटस्फोट आणि ज्ञानूचा ताबा मिळावा म्हणून मुंबईत नोकरीला असलेल्या नवऱ्याने, संदेशने, अर्ज केला होता. पुकारा झाला की आत जायचं, एवढंच नोटीस घेऊन आलेल्या बेलिफाने सांगितलं होतं. वकील काही तिला परवडणारा नव्हता. शिपाई दारात येऊन एकेक नाव पुकारत होता, ती जिवाचा कान करून ऐकत होती आणि तिचं नाव काही येत नव्हतं.

"कोणाची वाट बघताय?"

समोर एक तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, बोटांवर सुरीच्या बारीक खुणा.

"माझा नाव घेतलानच नाय अजून, दादा."

"काय नाव?"

"तुळसा."

त्याने दारावरची यादी वाचली. "आणि सासरचं?"

तुळसाच्या पायाखालची जमीन सरकली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं ते नाव… मुंबईत तुळसा शोभायचं नाही म्हणून सासूने ठेवलेलं. श्रुती! माहेरी परत आल्यापासून ते कोणी उच्चारलं नव्हतं, तिचे कान ते पार विसरून गेले होते. श्रुतीचा पुकारा मघाशीच झाला होता आणि श्रुती गैरहजर होती.

तो तरुण जवळजवळ धावतच तिला आत घेऊन गेला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली. वकील नाही म्हटल्यावर तिला विधी सेवेच्या कार्यालयात जायला सांगितलं. तो तरुण धावला नसता तर तुळसाची बाजू न ऐकताच काम पुढे गेलं असतं. बाहेर आल्यावर तिने त्याचं नाव विचारलं.

तो विनीत. मालगुंडजवळ हापूसची कलमं बांधायचा आणि आठवड्यातले दोन दिवस विधी सेवेचं स्वयंसेवकाचं काम करायचा. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत, हे त्याने तिला दोनदा समजावलं तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. मग नवी धास्ती. फुकटचा वकील संदेशच्या वकिलापुढे काय टिकणार? पण कमला वकीलबाईंनी कायद्याचं बोलण्याआधी ज्ञानू काय खाते, आजारी पडली की कुणाला बिलगते, हेच विचारलं आणि तुळसाच्या जिवात जरा जीव आला.

एक भीती मात्र जाईना. श्रुती म्हटलं की ती ज्ञानूला जवळ ओढायची. मुंबईच्या त्या खोलीत कडी लावून, याच नावाने ओरडत संदेशने तिच्यावर हात उगारला होता. आणि कोर्टात पुकारा होणार तो याच नावाचा. विनीतच्या ते लक्षात आलं. मग प्रत्येक तारखेला कोर्टासमोरच्या बाकड्यावर, बोलता बोलता, तो मध्येच ते नाव टाकायचा.

"भाताची लावणी झाली का तुमची, श्रुती?"

"ह… हजर," ती दचकून म्हणायची.

"हळू. मी काय जज आहे?"

"तुमी अशी अचानक हाक मारताव…"

"मग काय सांगून मारू?"

ती हसली. हसल्यावर स्वतःच चपापली. मान खाली घालून ज्ञानूच्या फ्रॉकची न सुटलेली गाठ पुन्हा बांधत म्हणाली, "तुमच्या तोंडी… तेवढा वायट नाय वाटत."

दादा म्हणणं आपण कधी सोडलं, हे तुळसाला कळलंच नाही. विनीतला मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

आणि मग दृष्ट लागावी तसं झालं. श्रावणातली सर आली, विनीतने छत्री उघडून मायलेकींवर धरली, स्वतः भिजत उभा राहिला. समोर संदेशचा भाऊ बाबू मोबाईल घेऊन उभा होता.

"ह्यो फोटो जजला दाखवतंय, वयनी," तो म्हणाला. "पोरगी गेली समजा."

तुळसा ज्ञानूला घेऊन छत्रीबाहेर सरकली. विनीतकडे न बघताच ती कशीबशी बोलली, "माझ्याशी बोलू नका यापुढे. माझी पोर जाईल."

"बरं," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या तारखेला विधी सेवेच्या कार्यालयात त्याच्या खुर्चीवर तेजल नावाची मुलगी बसली होती. तुळसानेच नको म्हटलं होतं, तरी डोळे त्यालाच शोधत होते. भ्याला, तिला वाटलं. एका फोटोला भ्याला. तिला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

"भ्याला कसला?" कमलाबाई म्हणाल्या. "त्याने स्वतःहून तुझं काम सोडलं. म्हणाला, बोट दाखवायचं तर माझ्याकडे दाखवा, तिच्या पोरीवर येता कामा नये. आजही समोरच्या टपरीवर बसलाय तो."

निकालाच्या दिवशी फोटो खरंच पुढे आला. न्यायाधीशबाईंनी तो बराच वेळ पाहिला. छत्री ज्ञानूच्या डोक्यावर आहे आणि धरणारा माणूस चिंब भिजलाय, एवढंच त्या बोलल्या. मग सगळ्यांना बाहेर थांबवून, ज्ञानूशी एकटीशी बोलायला त्या तिला आत घेऊन गेल्या आणि दार बंद झालं. तुळसाने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. पोर घाबरून काही भलतंच बोलली तर? 'बाबांकडे जायचं' म्हणाली तर?

दार उघडलं. शिपायाने पुकारा केला, "श्रुती संदेश…"

"हजर!" व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले.

घटस्फोट मंजूर झाला. ज्ञानू आईकडेच राहणार होती, बापाने सुट्टीत येऊन भेटायचं होतं. तुळसा लेकीला कडेवर घेऊन थेट टपरीकडे निघाली.

विनीत उठून उभा राहिला. "ऐकलं मी. पहिल्याच हाकेला उठलात."

तिने ज्ञानूला दुसऱ्या कडेवर घेतलं. जजसमोर बोलणं याहून सोपं होतं. "एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्यात… सुनेचा नाव बदलतात?"

त्याने हातातला चहा बाकड्यावर ठेवला. "माझ्या आयेला तुळसा आवडेल," तो सावकाश म्हणाला. "मला तर पहिल्या दिवसापासून…"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, एवढ्या दिवसांत त्याने तिला तिच्या खऱ्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती.

"मग मारा की हाक," ती म्हणाली.

"तुळसा," त्याने घाबरत घाबरत हाक मारली.

"हजर," ती म्हणाली.