तिसरी हाक

पत्र्याची पेटी आणायला मी वाशिमच्या बाजारात गेलो होतो, तिथूनच सांगतो. शहात्तर सालचा जून. माझ्या पंचशीलेचा अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता, आणि वसतिगृहात राहायचं तर कुलपाची पेटी पाहिजे, असं तिकडून पत्र आलं होतं. निळ्या रंगाची चांगली मजबूत पेटी घेतली, डोक्यावर ठेवली आणि गाडीने परत आलो. पोरगी जायला आठ दिवस उरले होते.

मी रेल्वेत गेटमन. अनसिंगच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं फाटक. रुळांच्या कडेला एका खोलीचा क्वार्टर, मागे विहीर आणि एक बाभूळ, बाकी चहूकडे काळं रान. दुपारी ऊन चढलं की रुळांखालच्या स्लीपरांच्या डांबराचा वास घरात भरायचा, आणि इतकं शांत व्हायचं की विहिरीत खडा पडला तरी दचकायला व्हायचं. तिथे माणसं तीनच. मी, बायको भागिरथा आणि आमची एकुलती एक पोर.

मी काही वाईट बाप नव्हतो. मारलं नाही, शाळा सोडवली नाही. पण लहानपणी ती मागच्या अंगणातून "बाबा, इकडं या ना" करायची, तेव्हा मला उठायचा कंटाळा यायचा. माझी माय सांगायची की रानातल्या घरात पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये. माणूस असलं तर तिसऱ्यांदा बोलावतं. दुसरं काही असलं तर दोनदाच. चुकून ओ दिली तर ते आपल्यापाशी राहतं आणि आपलं माणूस दूर जातं. छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देवाचे टाक नदीत सोडले, भूतखेत सगळं सोडलं. ही एवढी एक गोष्ट मात्र मी ठेवली. विश्वास होता म्हणून नाही हो, सोयीची होती म्हणून. पाच वर्षांच्या पोरीला सांगितलं, "तीन हाका मारजो, मंग ओ देईन." ती दोन हाका मारायची आणि तिसरीच्या आत नाद सोडून द्यायची. मी पडल्यापडल्या हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पेटी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी पडवीत बसून पेटीवर पांढऱ्या रंगाने तिचं नाव लिहीत होतो. 'पंच' लिहून झालं आणि मागून हाक आली.

"बाबा..."

ब्रश थांबला. लहान पोरीचा आवाज होता. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, "बाबा..." मग काही नाही.

मी मान वर केली. पंचशीला माझ्या समोरच, उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती.

"तू हाक मारली काय वं?"

"मी कायले मारू? तुमच्या पुढंच तं बसून राह्यली."

विहिरीकडे जाऊन आलो. बाभळीखाली कोणी नव्हतं. धुळीत पावलं नव्हती. जवळच्या गावातली कोणाची पोर भटकली असेल, अशी मनाची समजूत घातली आणि नाव पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, त्याच दोन हाका. तिसऱ्या दिवशीही. मी कोणाला बोललो नाही. पण एक झालं, मी पोरीजवळून हलेनासा झालो. ड्यूटी संपली की तिच्याशेजारी बसायचो. चिंचोके फोडून आम्ही अष्टाचंगा खेळलो. ती लबाडी करून माझी सोंगटी मारायची आणि खदखदून हसायची. अठरा वर्षांत मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, कारण पाहायला मी बसलोच नव्हतो.

जायच्या आदल्या दिवशी खेळताखेळता विचारलं, "पंचे, लहान होती तवा मले कायले बोलवत होती वं?"

"काई नाई. मुंग्यायची रांग दाखवाची राहे." मग तिने हातातले चिंचोके खाली ठेवले. "आन् गाडी जाताना तुमचं बोट धरून उभं राहाचं होतं मले. तुमी म्हनत, गाडी येऊन राह्यली, घरात जा."

"मंग उद्या धर बोट."

"उद्या तं मीच गाडीत राहीन, बाबा."

दोघंही हसलो. आणि त्या हसण्यातच मागून हाक आली. "बाबा..." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी रजा टाकली होती, पण बदलीवाला तापाने पडला. मुकादम रतनसिंग सकाळी सांगून गेला, "देवमन, फाटक सोडता येत नाई भाऊ." भागिरथा पोरीला पोचवायला अकोल्यापर्यंत जाणार होती. दोघी बैलगाडीने अनसिंग स्टेशनावर निघाल्या. पंचशीलेने माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मी इंजिनाच्या मागच्या डब्यात, फाटकाच्या बाजूनं बसतो. तुमी माह्याकडंच पाहजा."

"पाहतो ना. दुसरीकडं कुठं पाहू?"

दुपारी फाटक बंद केलं. डाव्या हातात हिरवी झेंडी धरून रुळाजवळ उभा राहिलो. लांब वळणावर धूर दिसला, रूळ थरथरू लागले.

"बाबा..."

पाठीमागून. घराच्या बाजूने. मी वळलो नाही. डोळे गाडीवर.

"बाबा..."

आता जवळून. नेहमीप्रमाणे संपलं असं वाटलं. इंजिन शिटी देत आलं, कोळशाच्या धुराने तोंड भरलं, वाफेचा गरम झोत अंगावर आला. आणि त्या सगळ्या आवाजात, अगदी माझ्या कमरेच्या उंचीवरून तिसरी हाक आली.

"बाबा..."

दोनदा असेल तर दुसरं काही. तिसऱ्यांदा असेल तर आपलं माणूस. हे मीच तिला शिकवलं होतं. तेरा वर्षांची उधारी एका क्षणात माझ्या गळ्याशी आली. मी गाडीकडे पाठ केली, घराकडे वळलो आणि म्हणालो, "ओ... ओ बाई, आलो."

अंगण रिकामं होतं. परत वळलो तेव्हा गार्डाचा डबा पुढे जात होता.

चार दिवसांनी भागिरथा परत आली. डब्यात ती पलीकडच्या बाजूला बसली होती, तिने काही पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी पंचशीलेचं पत्र आलं. कंदिलाची वात थोडी वर करा, ते पत्र वाचून दाखवतो.

'तीर्थरूप बाबांस, सविनय जयभीम. मी सुखरूप आहे. मी खिडकीतून तुम्हाला तीन हाका मारल्या. तुम्ही माझ्याकडे पाठ का केली? मी फार रडले. आणि तुमच्याजवळ ती लहान पोरगी कोण होती? तिने तुमचं उजवं बोट धरलं होतं. पिवळा फ्रॉक आणि त्याला जुन्या झेंडीच्या हिरव्या कापडाचा खिसा. तसा मलाही होता ना? आईला विचारा. तुम्ही घराकडे तोंड करून उभे होते, पण ती गाडीकडे पाहत होती. तिने मला हात हलवून टाटा केला.'

तो फ्रॉक पंचशीला सहा वर्षांची असताना फाटला. भागिरथाने त्याची पोतेरी केली होती.

पंचशीला नंतर आली, नाही असं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, वर्षातून दोन दिवस पाहुण्यासारखी येते. लहानपणीचं काही बोलायला गेलो की म्हणते, "मले तं काईच आठवत नाई, बाबा." अष्टाचंगाही कसा खेळतात ते तिला आता सांगावं लागतं.

मागून हाक पुन्हा कधी आली नाही. मी मात्र तेव्हापासून हळू चालतो. परवाच वाशिमच्या बाजारात भागिरथा मागे थांबून माझ्याकडे पाहत राहिली.

"तुमी चालता तवा उजवा हात असा खाली सोडून, एका अंगाले वाकून काहून चालता?"

मी तसाच चालत राहिलो. हात वर घेतला असता, तर बोट सुटलं असतं.