नाव घे गो

समुद्रकाठच्या दमट हवेत रेडिओची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून सुभद्रा ती दुपारभर अंगणात उन्हाला ठेवी आणि तिन्हीसांजेला आत आणी. त्या दिवशीही ती तेवढ्याचसाठी बाहेर गेली होती. रेडिओ तिच्या नवऱ्याचा. गुरुदास बोटीवर खलाशी, वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर, म्हणून ती तोंडवलीत बापाकडेच असायची. एडनहून येताना त्याने हे खोकं आणलं आणि माडाला तार बांधून दिली.

त्याच सुमारास दिल्लीवाल्यांना साक्षात्कार झाला की सिनेमाच्या गाण्यांनी देश बिघडतो. आकाशवाणीवरून गाणी गेली. गेली तर गेली! दिल्लीवाल्यांना समुद्राला बांध घालता येतोय थोडाच? सिलोनची गाणी पाण्यावरून यायची ती थेट सुभद्राच्या पडवीत, आणि चुली पेटवायच्या आधी वाडीतल्या बायका ऐकायला जमायच्या.

बापाला, परशुराम गावकरांना, हे खपायचं नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. हात जोडून ते देवापुढे गावाचं सुखदुःख मांडत आणि दर मागण्याला सगळा गाव म्हणे, 'व्हय म्हाराजा!' पण गाण्यांवरचा त्यांचा खरा राग वेगळाच होता. थोरली लेक सुगंधा मुंबईला मावशीकडे गेली आणि सिनेमाच्या गाण्यांत कोरस म्हणायला लागली. ते कळलं त्या दिवशी परशुरामांनी तिच्या नावाने आंघोळ केली, आणि ह्या घरात तिचं नाव निघता कामा नये असं बजावलं. पुढे ती मुंबईच्या इस्पितळात तापाने गेली, तरी ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. आंघोळ एकदाच करतात, एवढंच म्हणाले. सुभद्रानेही बहिणीचं नाव गिळलं, आणि तेव्हापासून गिळतच होती.

त्या संध्याकाळी वाडी ओस होती. सगळ्या बायका कुणकेश्वरच्या जत्रेला गेलेल्या. शेजारची काशीबाई तेवढी पाय सुजला म्हणून मागे राहिली होती. सुभद्राने दिवा लावला, बॅटरी जोडली. गाणं लागलं. मागे कोरसाच्या बायका, आणि त्यांतला एक आवाज ओळ संपली तरी किंचित रेंगाळत होता. सुगंधा अशीच गायची. जात्यावरसुद्धा तिची ओळ सगळ्यांच्या मागून संपायची. सुभद्राने कान खोक्याला लावला.

गाणं संपलं. निवेदकाने गाणारीचं नाव सांगितलं, संगीत देणाऱ्याचं सांगितलं, लिहिणाऱ्याचं सांगितलं. पूर्वी तबकडीवर गाणारीचंही नाव नसायचं, सिनेमातल्या पात्राचं असायचं. मोठ्या गायिकांची नावं आता कुठे लोकांच्या तोंडी यायला लागली होती. कोरसातल्यांची कोण घेतो?

निवेदक थांबला आणि पडवीत फिनेलचा वास आला. इस्पितळातल्यासारखा. तोंडवलीत फिनेल आणणार कोण? मग काळोखातून, अगदी हळू...

"नाव घे गो..."

काशीबाईच असणार, सुभद्राला वाटलं. दिसेल तिथे नवऱ्याचं नाव घ्यायला लावायची तिची जुनी खोड. सुभद्रा हसलीसुद्धा, आणि सवयीने उखाणा म्हणून गेली, "रेडिओवर लागतात गाणी सिलोनची छान, गुरुदासरावांचं नाव घेते, राखते काशीबाईंचा मान."

समुद्राची गाज एकाएकी थांबली.

"त्याचा न्हय गो, बाय... माजा."

आवाज दाराकडून आलाच नव्हता. तो रेडिओतून आला होता.

आतून परशुराम आले. तोंडावरचं रक्त उतरलेलं. जन्मदाते ते, आवाज त्यांनीही ओळखला होता. पण हट्ट सोडतील तर परशुराम कसले! त्यांनी बॅटरीची तार उपटली. रेडिओचा दिवा विझला... आणि आतला श्वास तसाच चालू राहिला. हळू, तापातल्या माणसाचा. तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जा काय वायट इला आसा, ता बारा येशीभायर घाल, परत हय पाय ठेवूक देऊ नको, म्हाराजा!"

आणि लेकीकडे पाहिलं. कुणी साथ दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. जन्मभर म्हणत आलेला शब्द सुभद्राच्या ओठांवर आलाही. तेवढ्यात रेडिओत कुणीतरी हुंदका गिळला. एकदा व्हय म्हटलं की सुगंधा दुसऱ्यांदा मरणार, आणि ह्या खेपेला मारणारी आपण. तिला बापाची भीती वाटली नाही, भुताची वाटली नाही. तिला राग आला, तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाय म्हाराजा," ती म्हणाली.

गाऱ्हाण्याला कुणी नाय म्हटलेलं परशुरामांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. जीभ झडेल तुझी, ते कसेबसे म्हणाले. झडू दे, ती म्हणाली, पण एवढं बोलून झडू दे. तिने पदर खोचला, हात जोडले, आणि बाईमाणसाने कधी घालू नये ते गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही माजी भयण. नाव सुगंधा, परशुरामाचा चेडू, तोंडवलीचा. गाणा तिना म्हटला आणि नाव दुसऱ्याचा झाला. आज तिचा नाव ह्या घरात परत इला आसा, ता कोणाच्या बापाक भायर घालूक देऊ नको, म्हाराजा!"

साथ द्यायला कुणी नव्हतं. बाप भिंतीकडे तोंड करून उभा. तिने डोळे मिटले.

"व्हय म्हाराजा..."

तो एकटीचा आवाज नव्हता. बायका होत्या, पुष्कळ, सगळ्या एका सुरात. आणि त्यांतली एक किंचित मागून संपली.

फिनेलचा वास विरला. परशुराम खाली बसले. त्यांचे ओठ हलत होते, आणि त्यांवर सुगंधाचंच नाव आहे हे सुभद्राला कळलं. सुटली माझी बाय, असं म्हणून सुभद्रा रडू लागली. डोळे पुसून ती रेडिओवर फडकं टाकायला वाकली.

"आनी म्हजें...?"

हा आवाज सुगंधाचा नव्हता. कोरसातलीच कुणी गोव्याकडची असावी.

"और मेरा...?"

हा तर रेडिओतलाही नव्हता. बाहेरचा होता.

परशुराम तिचा पदर ओढून दार लाव म्हणत होते. सुभद्राने पदर सोडवून घेतला, दिव्याची वात मोठी केली आणि उंबऱ्यावर मांडी घालून काळोखाकडे तोंड करून बसली.

"सांगा," ती म्हणाली. "एकेक करून सांगा."

अंगणात बांगड्या किणकिणल्या. कुणीतरी सरकून कुणाला तरी बसायला जागा करून दिली.