यू-लिनचं लाल पाकीट

दिवा बारीक करा पोरांनो, आणि ऐका. आपल्या ताइनानमध्येच घडलेली गोष्ट. माझा मित्र आ-मू नाटक-सिनेमाला लागणारं सामान सांभाळायचा. माणूस साधा, खोटं बोलणारा नव्हे.

सातव्या महिन्यातली चौदावी रात्र, म्हणजे मेलेले परत येतात त्या महिन्यातली. सव्वाअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी नाटकाचा पहिला प्रयोग, म्हणून मारामारीच्या प्रसंगातला बांबू बघायला आ-मू दिग्दर्शक गाओंबरोबर बंद थिएटरात चालला होता. गाओ नाटकातून सिनेमात गेले, मोठं नाव झालं. मग ओळीने चार सिनेमे आपटले आणि ते परत नाटकात आले. हे नाटकही पडलं असतं, तर सगळं संपलंच होतं.

"बांबू पोकळ नको रे," गाओ म्हणाले. "अंगावर बसला की आवाज यायला हवा."

"यू-लिनच्या वेळीही हेच म्हणाला होतात, साहेब."

"म्हातारा झालास. बडबड वाढली तुझी."

यू-लिन म्हणजे सिनेमात मार खाण्याची कामं करणारा गुणी पोरगा. आपल्याकडे कुणी मेलेल्याचं काम केलं, की दिग्दर्शकाने 'कट' म्हणायचं, स्वतः हात देऊन त्याला उठवायचं आणि शकुनाचे पैसे घातलेलं लाल पाकीट द्यायचं. नाहीतर मरण अंगाला चिकटतं. त्या दिवशी गाओ 'कट' म्हणालेच नाहीत. "थांबू नका! खरं दिसू दे!" चौथा फटका डोक्यात बसला. पोरगा पडला, तो उठलाच नाही. गाओ गाडीत बसून निघून गेले. तेच दृश्य पडद्यावर आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाओंनी न दिलेल्या लाल पाकिटावर यू-लिनचं नाव लिहून ते आ-मूनेच त्याच्या शवपेटीत ठेवलं. स्मशानात पेटीसकट सगळं जळेपर्यंत आ-मू तिथे उभा होता.

थिएटरात एकच दिवा होता. रंगमंचाच्या मधोमध कुणीतरी पालथं पडलेलं.

"ए! तालीम कधीच संपली. घरी जा!" गाओ ओरडले.

तो हलला नाही. गाओंनी वर जाऊन त्याला बुटाने ढोसलं.

कोपऱ्यातला बांबू उचलला गेला. धरणारं कुणी नव्हतं.

पहिला फटका गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज दारात थांबलेल्या आ-मूपर्यंत आला. दुसरा बरगड्यांत. गाओ रांगू लागले. तोंडातून रक्त...

"कट म्हणा, साहेब! कट म्हणा!"

"क... कट!"

बांबू थांबला.

मग रिकाम्या खुर्च्यांतून आवाज आला. गाओंचाच. तरुणपणचा, खणखणीत.

"थांबू नका! खरं दिसू दे!"



तिसरा...

चौथा.

दिवा गेला.

सकाळी पोलीस आले. बांबू कोपऱ्यात, कोरडा. रंगमंचाच्या मधोमध एकटे गाओ, पालथे. त्यांची मूठ घट्ट मिटलेली. दोघांनी मिळून बोटं सोडवली.

आत लाल पाकीट होतं. वर आ-मूच्या हस्ताक्षरात यू-लिनचं नाव.

कोपरासुद्धा जळालेला नव्हता.