उकंडरावांचा नंबर

काम तसं साधं होतं. एका चिठ्ठीवर एक शिक्का.

समताच्या बाबांचा एक डोळा कधीच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला पेशंट नेणारी शिबिराची गाडी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. डॉक्टरांनी बीपी, शुगर बघून 'ऑपरेशनला हरकत नाही' असं लिहूनही दिलं होतं. आता खिडकीवरच्या राजकुमारबाबूचा शिक्का बसला की झालं. पण शिक्क्याशिवाय ऑपरेशनला घेत नव्हते, गाडी दुपारी निघणार होती आणि पुढची थेट दिवाळीनंतर. तोवर डोळा राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

सहदेवराव मात्र निर्धास्त होते. गाडीतल्या खिडकीजवळच्या सीटवर त्यांनी दुपट्टा टाकला, त्यावर स्वतः बसले आणि लेकीला म्हणाले, "जा बाई. तू तं याच्यातलंच शिकून आली ना?"

ते खरंच होतं. स्कॉटलंडमध्ये दोन वर्षं सार्वजनिक आरोग्य शिकून समता पिंपळगाव राजाला परतली होती, आणि सरकारी दवाखाने सुधारता येतात यावर तिचा ठाम विश्वास होता. फक्त लोकांनी रांग मोडायची नाही, ओळख लावायची नाही, आपल्या पाळीची वाट बघायची. रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या वच्छलाबाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, "माहा भाचा आत ड्रेसिंगले हाय. देऊ का आवाज?"

"नको मावशी. रांगेनंच जायचं."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग डबा आनला का?"

खिडकीपर्यंतचा बोळ लांब होता आणि त्याला उजेड फक्त दिव्यांचा. भिंतींना खांद्याच्या उंचीवर तेलकट काळा पट्टा होता. किती पाठी टेकल्या असतील देव जाणे. फिनाइलचा वास, त्याखाली ओल्या बँडेजचा, त्याखाली शिळ्या भाजीचा. वर पंखा हवा न देता नुसताच कण्हत होता. रांग थोडी सरके आणि थांबे. राजकुमारबाबू मध्येच खिडकी लावून चहाला जाई, आणि खिडकी उघडली की लोकांना चहा आपणच प्यायल्यासारखी तरतरी येई.

मग लाइट गेली.

पंखा कण्हायचा थांबला आणि बोळ एकदम विहिरीसारखा झाला. बोलणं आपोआप खाली आलं. त्या काळोखात समताला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. ट्रंकेत वर्षानुवर्षं ठेवलेलं धोतर काढावं, तसा. पुढे उभा असलेला म्हातारा हळूच वळला. इतका वेळ आपल्यापुढे म्हातारा होता की बाई, हे तिला काही केल्या आठवेना.

"बाई..." आवाज कोरडा होता. "माहा नंबर धरजो जरासा. पानी पिऊन... आलोच."

कुणी तरी खोकला अर्ध्यावर गिळला.

"हो काका," समता म्हणाली. "धरते. या तुम्ही."

"अवं माय!" वच्छलाबाईंनी तिचा दंड पकडला. "हो म्हनलं का तू?"

"का? काय झालं?"

"अवं, उकंडराव होता तो!"

मग दबक्या आवाजात, चारी बाजूंनी, ज्याला जसं माहीत तसं तिला समजलं. उकंडरावांच्या आईची लेकरं जगत नव्हती, म्हणून या लेकराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकून उचललं, की यमानं केर समजून वगळावं. यमानं वगळलं. पुढे म्हातारपणी छातीत कळ आली म्हणून गडी या रांगेत लागला, आणि दवाखान्यानंही वगळलं. सकाळपासून उभा राहून घसा कोरडा पडला, तेव्हा मागच्याला 'आलोच' म्हणून पाण्याला गेला आणि नळाजवळच आडवा झाला. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. हा तर 'आलोच' म्हणून गेलेला माणूस. यायला नको?

"तवापासून इचारते बिचारा, लाइट गेली का," वच्छलाबाई म्हणाल्या. "आपन खाली पाहाचं, नाही तं 'मी नवा हाय' म्हनाचं. हो म्हनलं का त्या धरल्या नंबराच्या मागं आपला नंबर लागतच नाही."

समताला हसू आलं. तिच्या पणज्यानं देव आणि भुतं एकाच दिवशी सोडली होती. घरात दोहोंनाही तेव्हापासून थारा नव्हता. तेवढ्यात लाइट आली. तिच्यापुढे एका माणसाएवढी जागा रिकामी होती, आणि कुणीच ती भरत नव्हतं.

"पुढचा!" राजकुमारबाबू ओरडला. मान खाली, हात पुढे.

समतानं चिठ्ठी सरकवली. त्यानं शिक्का पॅडवर घासून हाणला. कागद कोराच. पुन्हा हाणला. कोरा. "पॅड वाळलं," तो म्हणाला. "थांबा बाजूले."

वच्छलाबाईंनी भीत भीत आपला कागद पुढे केला. शिक्का असा उठला की शाई टेबलावर उतरली.

समता पुन्हा गेली. आता शिक्क्याची मूठच निघून हातात आली. मूठ ठोकून बसवली, तर मागच्या तिघांची कामं झाली. ती पुन्हा गेली, तर राजकुमारबाबूला अशी शिंक लागली की तो खिडकी लावून नाक धुवायला गेला. एकेक जण तिच्या अंगाला अंग न लावता पुढे सटकत होता. "तुमच्याजवळ तं त्याचा नंबर धरेल हाय," असं म्हणत एकानं तर हातही जोडले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबा दुपट्ट्यावर बसून वाट पाहत असतील, आणि हॉर्न वाजला की अंदाजानं दवाखान्याकडे वळत असतील.

काम झालेल्या वच्छलाबाई अजून तिथेच होत्या. असला तमाशा सोडून कोण जाईल? "मोठ्यानं म्हन, 'मी नाही धरत तुमचा नंबर'," त्या कुजबुजल्या. "म्हन अन् शिक्का घे. त्याले काय, तो दुसरं कोनी पाहीन."

समतानं तोंड उघडलं. आणि तिला त्या कोरड्या घशाचा आवाज आठवला. माणूस मेला, तरी पाळी आली नाही. पुन्हा हॉर्न. तिनं डोळे मिटले, उघडले, आणि तिची स्कॉटलंडची सगळी सभ्यता गळून पडली.

"ओ राजकुमारभाऊ!" तिनं खिडकीवर थाप मारली. "माह्या आधी हे उकंडराव हायत. पह्यले त्यायचं करा!"

राजकुमारबाबूनं खिडकी उघडली. मग, "पेशंट समोर लागते मॅडम."

"समोर हायत."

"मले... दिसून नाही राह्यले."

"तुमाले जित्ता मानूस तरी कधी दिसते का? वर पाहाता का कधी? रोज जसं खाली मुंडी घालून लिवता तसं लिवा!"

सवय मोठी चीज आहे. राजकुमारबाबूनं मान खाली घातली, कोरा कागद ओढला, आणि हात आपसूक चालू लागला. "नाव?"

समता सांगणार, तोच तिच्या कानामागून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. "उकंडराव..."

"गाव?"

"आता... हेच."

"काय तरास?"

"उभं राहू राहू... पाय दुखतेत, साहेब."

"गोळ्या लिहून देतो. पुढचा!" शिक्का बसला. निळाजर्द, ठसठशीत: 'तपासले. प्रकृती ठीक.' मग आपण काय केलं हे राजकुमारबाबूच्या ध्यानात आलं. नोकरीत बहुधा पहिल्यांदाच त्यानं मान वर केली.

कागद खिडकीतून आपोआप बाहेर सरकला, हवेत नीट चौघडी झाला, आणि छातीच्या खिशाच्या उंचीवरून बोळातून जाऊ लागला. रांगेतले लोक भिंतीला चिकटले. दाराशी तो थांबला.

"बरं बाई," आवाज आला. "जातो..."

"जातो म्हनला!" वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "येतो नाही म्हनला! सुटला गं माय!"

समतानं समोरचा शिक्का उचलून आपल्या चिठ्ठीवर स्वतःच मारला. राजकुमारबाबूची हरकत घेण्याची अवस्था नव्हती. ती धावत सुटली. गाडी फाटकातून निघाली होती. क्लीनरनं लोंबकळत चिठ्ठी घेतली, आणि सहदेवराव खिडकीतून ती उभी होती त्याच्या भलत्याच दिशेला हात हलवत निघून गेले.

ऑपरेशन उत्तम झालं. चार दिवसांनी बाबा काळा चष्मा लावून घरी आले. सकाळचं कोवळं ऊन होतं. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी चष्मा जरा वर केला आणि जग पाहू लागले.

"दिसतंय का बाबा?"

"चकाचक! त्या तारेवरच्या चिमनीची चोच दिसते मले." ते लहान पोरासारखे हसले. मग फाटकाकडे बघत राहिले. हसू तसंच होतं, पण कपाळावर आठी पडली. "पन बाई, एवढे लोक काऊन आले आपल्या घरी?"

समतानं पाहिलं. अंगण रिकामं होतं. फाटक लावलेलं. पलीकडे नाल्यापर्यंतचा रस्ता उन्हात ओस पडला होता.

"कुठे, बाबा?"

"हे काय, फाटकापासून नाल्यालोक. लाइन लागेल हाय ना. कोनाच्या हाताले सलाइनची पट्टी, कोनी उघड्या पायानं..." ते कौतुकानं म्हणाले, "पन शिस्तीचे दिसतात. कोनी धकलाधकली नाही करून राह्यलं. सगळे तुह्याकडंच पाहून राह्यले बाप्पा."

बाबा अदबीनं बाजेच्या कडेला सरकले आणि रिकाम्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "बसा ना भाऊ. किती येळ उभे राहान?"

बाजेची नवार त्या बाजूला हळूहळू खाली गेली.

"समता," बाबा म्हणाले, "चहा ठेव बरं. अन् बाई... मोठं गंज घे."