चौथा शिक्का

सरहद्दीपलीकडच्या मावशीला बघायला जायचं ठरलं, तेव्हा तिनं सगळी तयारी एका दुपारीच उरकली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात वीस वर्षं चादरी मोजून गठ्ठे बांधणारी बाई ती, तिला कोण शिकवणार? एकदा बांधलेला गठ्ठा पुन्हा सोडून बघायचा नाही, ही तिची कामाची शिस्त. त्याच शिस्तीत तिनं कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून रबर लावलेले पासपोर्ट उचलले आणि पर्समध्ये टाकले. चूक झाली ती तिथंच.

जाणारी माणसं तीन. ती, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. गाडीत बसायच्या आधीसुद्धा तिनं हात पसरून दहा गिरक्या घेतल्या. एका चपलेचा पट्टा सुटलेला, त्याचा फटक-फटक आवाज. आई खेकसली, पडशील, दात घशात जातील. भिंगरी हसली आणि आणखी दोन घेतल्या.

मावशी म्हणजे सासूची धाकटी बहीण. सासूचं माहेर तिकडचं, आणि हे पासपोर्ट मुळात काढले ते सासूसाठीच. म्हातारी तीन वर्षं मागं लागली होती, एकदा बहिणीला भेटवा म्हणून. "जाऊन यायचंय फक्त. राहायचं नाही मला तिकडं. मरायचं ते याच घरात, माझ्या खाटेवर." आणि सून दरवेळी म्हणायची, पुढच्या वर्षी. एकदा गाडी नव्हती, एकदा रजा नव्हती, आणि एकदा, खरं सांगायचं तर, इच्छाच नव्हती. पाच महिन्यांपूर्वी म्हातारी गेली. तीही घरी नाही. हॉस्पिटलात, सुनेनंच गठ्ठ्यात बांधून पाठवलेल्या चादरीवर.

दुपारी नाक्यावर पोचले तर डोंगरावरून धुकं उतरलेलं. खिडकीतल्या कारकुनानं पासपोर्ट घेतले, वाकून गाडीत पाहिलं आणि शिक्के मारायला लागला. टक, टक, टक. टक. तिचे कान मोजणारे. चार झाले.

"साहेब, आम्ही तिघंच आहोत."

"आजींना उठवू नका," तो मान वर न करता म्हणाला. "झोपू द्या. व्हा पुढं."

मागच्या सीटवर भिंगरीशेजारी उशा रचल्या होत्या आणि त्यांच्यावर सासूची तपकिरी शाल टाकलेली. धुक्यात वाटलं असेल कुणाला माणूस. पासपोर्ट परत हातात आले, तसं तिनं रबर काढलं. चौथा पासपोर्ट सासूचा. इतके दिवस डब्यात तसाच पडून होता. शिक्क्याची शाई ओली. नवरा म्हणाला, चला, आईची हौस फिटली. तिनं त्याला चांगलंच झाडलं. पण म्हातारी गुडघ्यांना जे मलम चोळायची, त्याचा वास गाडीत हळूहळू दाटत गेला. काचा खाली केल्या तरी जाईना.

मावशी अंथरुणाला खिळलेली. तिनं या तिघांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मागं, रिकाम्या दाराकडं बघत ती म्हणाली, "किती उशीर केलास, ताई..."

दोन दिवस ती खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. हळू आवाजात, सुखानं. नवऱ्याचे डोळे भरून आले. तिला मात्र वेगळाच घोर लागला. जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलंच पाहिजे, हे धुलाईघरातल्या बाईला सांगावं लागत नाही. आणि एखादी चादर कमी पडली, तर दुसऱ्या वॉर्डाची उचलून गठ्ठा पुरा करतात, हेही तिला ठाऊक होतं. तिनं स्वतः केलं होतं ते, कितीदा तरी.

निघताना तिनं सासूचा पासपोर्ट वेगळा काढला आणि कपड्यांच्या आत, पोटाशी खोचला. शाल मावशीच्या पायांवर घातली. उशा डिकीत कोंबल्या. मग खुर्चीसमोर उभी राहून तोंडावर सांगितलं, "आई, राहा आता बहिणीजवळ. तुमची खाट आम्ही काढून टाकलीय."

 मावशीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

नाक्यावर आज बाई होती. तिनं तीन पासपोर्ट घेतले, गाडीत पाहिलं. टक, टक, टक. तीन. रस्त्यावरचा आडवा दांडा वर गेला, गाडी आपल्या देशात आली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

अर्धा मैल गेले असतील. मलमाचा वास आला.

तिनं मागं वळून पाहिलं. भिंगरी ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. मावशीच्या घरातून निघाल्यापासून पोर हललीच नव्हती. हे तिच्या ध्यानात आत्ता आलं.

"भिंगरी... काय गं?"



तिनं पासपोर्ट उघडले. नवऱ्याचा, परतीचा शिक्का होता. तिचा स्वतःचा, होता. भिंगरीच्या पासपोर्टवर जातानाचा शिक्का, आणि शेजारची जागा कोरी. तिनं पोटाशी खोचलेला पासपोर्ट ओढून काढला. जातानाच्या शिक्क्याखाली परतीचा शिक्का उमटला होता. त्याची निळी शाई तिच्या पोटाला लागली होती.

"गाडी फिरवा."

"अगं, विसरली असेल ती बाई. पोर तर इथंच..."

"फिरवा म्हणते ना."

नाक्यावरच्या बाईनं भिंगरीचा पासपोर्ट हातात घेतला आणि पोरीला खाली उतरवा म्हणाली. मागचं दार उघडलं. आधी एक पाय खाली आला. मग दाराला धरून, दम खाऊन, दुसरा. गुडघ्यावर हात दाबत पोर उभी राहिली. तोच फ्रॉक, तोच चेहरा, सुटलेल्या पट्ट्याची तीच चप्पल. तिचं आईकडं लक्षच नव्हतं. घराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघत होती.

बाईनं फोटो पाहिला. समोर पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"यांचा शिक्का मघाशीच झालाय," ती हळूच म्हणाली. "दमल्यात, बसू द्या यांना. पण ही फोटोतली मुलगी... ती कुठाय?"

नवरा काहीतरी बडबडत होता. तिला ऐकू येत नव्हतं. ती दांड्याखालून वाकली आणि धुक्यात शिरली. शिपाई ओरडला तरी थांबली नाही. समोर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. पण कुठंतरी पुढं, एकाच जागी, गोल गोल, पट्टा सुटलेली चप्पल वाजत होती. फटक-फटक.

तिच्या मोजणाऱ्या कानांनी मोजलं. दहा गिरक्या.

मग आणखी दोन.