कॉलरचा माईक

“पंखा बंद, फ्रिज बंद. आता माझं तोंडही बंद करा, म्हणजे झालं!” सूनबाई दारातूनच पुटपुटल्या. पण पंखा त्यांनीच बंद केला.

निवृत्त सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम मी करते. शिकवलं कुणी नाही, चुकत चुकत शिकले. एक माईक त्यांच्या कॉलरला, एक माझ्या. नियम एकच: समोरचा गप्प झाला, तर आपण तोंड उघडायचं नाही.

या सूनबाईंचे सासरे, ज्यांना मी आजोबा म्हणायचे, शहाऐंशीचे. भरभरून बोलायचे. फक्त युद्धात पुलावरून माघार घेतली त्या दिवसापाशी आले की गाडी अडायची. त्या दिवशी त्यांचा वायरलेसवाला दोस्त गेला. ‘एका क्षणात गेला, त्रास झाला नाही,’ असं आजोबांनीच तेव्हा त्याच्या बहिणीला पत्राने कळवलं होतं. ती बहीण आता ऐंशीची. “डोळे मिटायच्या आत सगळं नीट ऐकायचंय,” असं मला फोनवर म्हणाली होती.

पहिल्या दिवशी आजोबा पुलापाशी थांबले आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मी नियम पाळला. घरी येऊन ऐकलं, तर त्या शांततेत, आजोबांच्या माईकवर, श्वास होता. ओला, घरघरता. म्हटलं, म्हाताऱ्याची छाती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही माईक नवे लावले. श्वास होताच. फक्त आता तो आजोबांच्या माईकवर नव्हता, माझ्या माईकवर होता.

सूनबाईंना विचारलं.

“घर जुनं आहे, ताई. आवाज येतात,” म्हणाल्या, आणि चहाचे चार कप ठेवून गेल्या. घरात आम्ही तिघंच होतो.

तिसऱ्या दुपारी मी हेडफोन लावूनच बसले.

आजोबा पुलापाशी आले. थांबले.

श्वास सुरू झाला. अगदी माझ्या मानेपाशी.

“मी खोटं लिहिलं, बाई,” आजोबा म्हणाले. “तो जिवंत होता. माझ्या नावाने हाका मारत होता. मी मागे वळलो नाही.”

श्वास थांबला.

आजोबांनी खुर्चीकडे पाहिलं. “गेला का गं?”

सूनबाई दारातच उभ्या होत्या. त्या खुर्चीकडे बघत नव्हत्या.

“नाही, बाबा,” त्या हळूच म्हणाल्या. “ताईंच्या मागे उभे आहेत. रडतायत.”